सालईचा लगदा आणि पेरॉक्साइड: शेडमधल्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

नागपूरच्या लकडगंजातून कागदाच्या लगद्यासाठी रंध्याचे छिलके आणले, सात पोती. पॅकिंगच्या पेट्या बनवणाऱ्या एका काकाजींकडे ते ढिगाने पडलेले असतात. होळी जवळ आली की जळणाचा भाव चढतो, म्हणून आताच उचलले. त्यांनी भुसाही देऊ केला होता, तो घेतला नाही. आऱ्याच्या भुशात तंतू आडवे चिरले जातात, त्याचा कागद बोटात धरला तरी झडतो. रंधा लाकडाच्या लांबीने चालतो, त्यामुळे छिलक्यात तंतू बरेच शाबूत राहतात.

लाकूड सालईचं आहे. पोतं सोडलं की गुग्गुळासारखा वास शेडभर पसरतो. सालई निवडण्यामागे कारण आहे. १९५६ साली नेहरूंनी देशाला अर्पण केलेल्या नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राचा कागद सालईच्या लगद्यात बांबूचा लगदा मिसळूनच निघायचा. म्हणजे हे लाकूड कागदाला चालतं हे आपल्याच सातपुड्यात सिद्ध झालेलं आहे.

आम्हाला हवा आहे मुलांच्या चित्रकलेच्या वह्यांचा कागद. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, तोवर सहाशे ताव. आजवर आमच्या हातकागदाच्या शेडमध्ये होजिअरीच्या कटिंगचाच, म्हणजे बनियनच्या सुती कापडाच्या तुकड्यांचाच कागद केला, तो मुळातच पांढरा. लाकडाचा लगदा पहिल्यांदाच.

लगदा पांढरा करायला ब्लिचिंग पावडर वापरायची नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. लाकडातले तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निनशी पावडरमधला क्लोरीन जुळला की जी क्लोरीनयुक्त द्रव्यं तयार होतात ती पाण्यातून सहजी जात नाहीत. आमचं सांडपाणी नाल्यात, नाला पिवळ्या नदीत, आणि ती पुढे कन्हानकडे. पेरॉक्साइड आपलं काम करून पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. दुसरं असं की क्लोरीन लिग्निनच काढून टाकतो, त्यामुळे लगद्याचं वजन घटतं. पेरॉक्साइड लिग्निन जागेवर ठेवून फक्त त्याचा रंग मोडतं. लाकूड वाया जात नाही.

५ फेब्रुवारी

छिलके लिटरला ३० ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या थंड पाण्यात रात्रभर भिजवले. पाणी चहासारखं झालं. चार पाण्यांनी धुऊन बीटरला, म्हणजे तंतू कुटून सोडवणाऱ्या यंत्राला टाकले, पाच तास. तंतू सुटले. रंग खाकी, पोस्टाच्या जुन्या लिफाफ्यासारखा. हातावर ओला लगदा घेतला तर मऊ लागतो, मावशींनाही पसंत पडला. ताव उचलायच्या साच्यावर त्यांचा हात वीस वर्षं बसलेला आहे, त्यांचं "चालते" म्हणजे मला प्रमाणपत्र.

९ फेब्रुवारी

पहिली चाचणी. कोरडा हिशेब धरून २० ग्रॅम लगदा, एकूण २०० ग्रॅम होईल इतकं पाणी, म्हणजे दहा टक्के घट्टपणा. पेरॉक्साइड लगद्याच्या दोन टक्के, ०.४ ग्रॅम. कॅनमधलं द्रावण ५० टक्क्यांचं, म्हणून ०.८ ग्रॅम मोजलं. कॉस्टिक दीड टक्का. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं मळून पिशवीचं तोंड बंद केलं आणि ७० अंशांच्या पाण्यात सोडली.

वीस मिनिटांनी रंग छान उघडला होता. पस्तीस मिनिटांनी मावशींनी हाक मारली, "काऊन वो ताई, हे तं पुरीवानी फुगली!" पिशवी खरंच टम्म फुगली होती. मी तोंड सैल केलं, हवा सुटली, परत बांधली. दोन तासांनी लगदा काढला तर वीस मिनिटांच्या वेळेपेक्षा पिवळा. पांढरा होऊन परत पिवळा पडलेला.

पेरॉक्साइड कमी पडलं असेल म्हणून चार टक्के घालून तेच पुन्हा केलं. पिशवी अजून लवकर फुगली. रंगात म्हणावा असा फरक नाही.

११ फेब्रुवारी

मावसभावाला, म्हणजे दादाला, फोन केला. तो एलआयटीत, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, आयुष्य रसायनांत गेलं. फुगलेल्या पिशवीचं ऐकूनच म्हणाला, "तो ऑक्सिजन होता. तुझं पेरॉक्साइड लगद्याला लागलंच नाही, हवेत गेलं. रंग बघत बसू नको, दोन तासांनी किती उरलंय ते मोज."

त्याने समजावलं ते माझ्या शब्दांत लिहून ठेवते. अल्कलीत पेरॉक्साइडचा एक हायड्रोजन सुटतो आणि परहायड्रॉक्सिल आयन तयार होतो. लिग्निनमधले जे गट प्रकाश शोषून लाकडाला पिवळा-तपकिरी रंग देतात, विशेषतः क्विनोन, त्यांच्यावर हा आयन जाऊन पडतो आणि त्यांची रचना मोडतो. म्हणून पीएच ११ च्या आसपास लागतो. पण त्याच अल्कलीत, लोखंड, तांबं किंवा मँगनीजचा अंश असला की पेरॉक्साइड फुटून नुसतं पाणी आणि ऑक्सिजन होतं. त्यातून रंग मोडत नाही. आणि पेरॉक्साइड संपलं की भांड्यात उरते फक्त गरम अल्कली, जी लाकडाला स्वतःच पिवळं करते. आमच्या पिशवीत नेमकं तेच झालं होतं.

शेवटी थोडं पेरॉक्साइड उरलंच पाहिजे. दादाच्या मते घातलेल्याच्या दहा-वीस टक्के तरी. सगळं संपवलं म्हणजे काटकसर झाली असं मला वाटत होतं. ते चूक होतं.

१२ फेब्रुवारी

मोजायची पद्धत बसवली. लगदा पिळून १० मिली पाणी, त्यात सौम्य गंधकाम्ल, पोटॅशियम आयोडाइड, अमोनियम मॉलिब्डेटचे दोन थेंब. आयोडीन सुटून पाणी तांबूस होतं. मग ०.१ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब, फिकट पिवळं झालं की स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत पुढे. थायोसल्फेटच्या दर मिलीमागे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड.

आमच्या पिशवीत सुरुवातीला १० मिलीला साधारण १३ मिली थायोसल्फेट लागायला हवं. चाळीस मिनिटांनी लागलं ०.३.

१६ फेब्रुवारी

आज काम कमी, शोध जास्त. धातू कुठून येतात?

एक, बोअर. आमच्या बोअरच्या पाण्याची बादली दोन दिवस ठेवली तर तळाशी तांबडा गाळ बसतो. लोखंड. इतकी वर्षं होजिअरीच्या कागदाला त्याने काही बिघडलं नाही म्हणून कधी विचारच केला नव्हता.

दोन, बीटर. पाती साध्या लोखंडाची आहेत. एक दिवस पडून राहिली तरी तांबूस होतात.

तीन, खुद्द लाकूड. हे मला नवीन होतं. झाड मुळांतून मँगनीज ओढतं, ते लाकडात राहतं, आणि पेरॉक्साइड फोडण्यात मँगनीज फार वाईट. रामटेकला जाताना मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी लागतात, लहानपणापासून पाहिल्या आहेत. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच. त्याच धातूचे कण कुठल्याही लाकडाच्या लगद्यात असतात आणि त्यांनी माझं पेरॉक्साइड हवेत घालवलं असेल, हे कळल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. खाणीपासून शेकडो कोस दूर वाढलेल्या झाडातही ते असतंच. मातीतच असतं.

यावर उपाय म्हणजे धातूंना आधी धरून धुऊन काढायचं. त्यासाठी ईडीटीए, धातूंना पकडून ठेवणारं रसायन. मोठे कारखाने बरेचदा त्याच जातीचं डीटीपीए वापरतात, पण मला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात ईडीटीए सहज मिळालं. लगद्याच्या ०.४ टक्के, पीएच सहाच्या जवळ, ६० अंशांवर अर्धा तास. मग पिळून, स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचं. न धुता ठेवलं तर काही उपयोग नाही, धरलेला धातू भांड्यातच राहतो.

राहिलेल्या अंशासाठी पेरॉक्साइडसोबत दोन साथीदार: सोडियम सिलिकेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. सिलिकेट इतवारीत साबणवाल्यांच्या दुकानात डब्याने मिळतं. मॅग्नेशियम सल्फेट खताच्या दुकानात, कपाशीवर लाल्या आला की शेतकरी फवारतात तेच. दुकानदाराने विचारलंच, "किती एकर आहे ताई?" मला लागणार होतं एक ग्रॅम. एक किलोची पिशवी घेऊन आले.

२३ फेब्रुवारी

चार पिशव्या, चारही दोन टक्के पेरॉक्साइड, ७० अंश, दोन तास. दादाच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत वाळलेले ताव शुभ्रतेच्या यंत्रावर पाहून घेतले. हे यंत्र ४५७ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात किती परावर्तन होतं ते सांगतं. पिवळेपणा निळ्यातच सगळ्यात आधी पकडला जातो. कच्च्या लगद्याचा आकडा ४२ आला होता. उरलेलं पेरॉक्साइड लागलेल्या थायोसल्फेटच्या मिलीत लिहिलं आहे.

बोअरचं पाणी, काही नाही: उरलेलं ०.२ मिली, शुभ्रता ४५.
बोअरचं पाणी, सिलिकेट आणि मॅग्नेशियम: १.४ मिली, ५०.
ईडीटीए देऊन नळाच्या पाण्याने धुतलेला, साथीदार नाहीत: २ मिली, ५३.
ईडीटीए, नळाचं पाणी, साथीदार दोन्ही: ३.६ मिली, ५८.

चौथ्या पिशवीत घातलेल्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पेरॉक्साइड उरलं आणि ताव सगळ्यात पांढरा तोच. चारही पिशव्यांत पेरॉक्साइड सारखंच होतं, हे मी मावशींना दोनदा सांगितलं. त्यांनी चौथा ताव उजेडात धरला, बोटाने पुसून पाहिला आणि आपल्या पेटीत ठेवून दिला.

आता ब्लीचिंगसाठी बोअर बंद. पेंच धरणाचं नळाचं पाणी सकाळीच टाकीत भरून घ्यायचं.

२ मार्च

घट्टपणा बदलून पाहिला. दहा टक्क्यांऐवजी वीस. लगदा स्क्रू प्रेसमध्ये पिळून मग रसायनं मळली. पाणी कमी म्हणजे तेवढंच पेरॉक्साइड दुप्पट दाट, तंतूंच्या जास्त जवळ. सुरुवातीला २९ मिलीच्या वर, शेवटी ७.५ मिली. शुभ्रता ६१. नुसतं पाणी पिळून शुभ्रता तीनने वाढली. कारखान्यांत तर पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत जातात, तिथे मळायला यंत्रं असतात. आमच्याकडे हात आहेत, रबरी मोज्यांतले.

कॉस्टिक वाढवून तीन टक्के केलं तर पिवळट झाला. दीडवरच राहू.

९ मार्च

मावशींची दोन बोटं पांढरी पडली. मोजा फाटका होता, कॅनचा थेंब लागला. लगेच पाण्याखाली धरलं, दहा मिनिटं. चुनचुन तासभर राहिली, संध्याकाळी पांढरेपणा ओसरला. थेंब बोटावर होता म्हणून निभावलं, डोळ्यात गेला असता तर? चष्मे आणि नवे मोजे आजच आणले. पन्नास टक्क्यांच्या पेरॉक्साइडचा कॅन उघडताना मी स्वतःच असेन, असा नियम केला. मोजून उरलेलं कॅनमध्ये परत ओतायचं नाही, कारण मापातली धूळसुद्धा सगळा कॅन फोडायला लावू शकते. सांडलं तर भरपूर पाणी. कापडाने किंवा भुशाने पुसायचं नाही, त्यात ते वाळलं तर पेट घेऊ शकतं. आमच्या शेडमध्ये तर सात पोती छिलके आहेत. कॅन दुसऱ्या खोलीत हलवला.

१४ मार्च

धुळवड. सुट्टी.

१९ मार्च

मोठ्या बॅचचा हिशेब. कोरडा लगदा २ किलो, वीस टक्क्यांवर एकूण १० किलो. ईडीटीए ८ ग्रॅम. पेरॉक्साइडचं द्रावण ८० ग्रॅम. कॉस्टिक ३० ग्रॅम. सिलिकेट ६० ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम.

दहा किलो लगदा ७० अंशांवर तीन तास धरून ठेवायला आमच्याकडे भट्टी नाही. भंडाऱ्याकडून येणारा धानाचा कोंडा दोन पोती घेतला. लाकडी खोक्यात कोंडा, मधे प्लॅस्टिकची झाकणाची बादली, वरून पुन्हा कोंड्याची उशी. नुसत्या गरम पाण्यावर पाहिलं: ७२ चं तीन तासांनी ६३. पुरे.

२२ मार्च

मोठी बॅच. शेवटी उरलेलं ३ मिली. सुरुवातीच्या दहा टक्केच. शुभ्रता डोळ्यांनीच कमी दिसते. पिशवीत ७.५ आणि बादलीत ३, कृती तीच.

रात्री लक्षात आलं की कृती तीच नव्हती. पिशव्यांसाठी मी बीटरमधून आलेला लगदा घेऊन ईडीटीए देत होते. या वेळी तंतू अजून बारीक हवे म्हणून ईडीटीए देऊन, धुऊन, मग पुन्हा दीड तास बीटरला फिरवला. लोखंडाच्या पात्यांमधून. धातू काढून परत धातूतच नेला. चूक माझी.

क्रम भिंतीवर खडूने लिहिला: बीटर, मग ईडीटीए, मग धुणं, मग पेरॉक्साइड. त्यानंतर लगद्याला लोखंड लागायचं नाही. उलथनं, चाळणी, बादलीची कडीसुद्धा.

२७ मार्च

क्रम पाळला. उरलेलं ७ मिली. वाळलेला ताव ६०.

पिळून निघालेलं पाणी फेकलं नाही. त्यात चौथा हिस्सा पेरॉक्साइड जिवंत आहे, ते पुढच्या बॅचच्या लगद्यावर आधी घालायचं. मोठ्या गिरण्याही उरलेलं पाणी असंच मागच्या टप्प्यावर फिरवतात. लगद्यात जे उरतं ते मारायला आणि अल्कली उतरवायला केएमएस वापरलं, संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये टिकवायला घालतात तीच पावडर. चिमूटचिमूट टाकत पीएच पट्टी साडेपाचावर आणली. हे केलं नाही तर ओला लगदा रात्रीतून पिवळा पडतो. पहिल्या मोठ्या बॅचचा अर्धा किलो मी तसाच ठेवून पाहिला होता, सकाळी फरक स्पष्ट होता.

मळताना सुटणारा वास मला आता ओळखीचा झाला आहे. सिलिकेटचा साबणासारखा गुळगुळीतपणा आणि खाली कुठेतरी अजून सालईचा डिंक.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी मावशी आपणहून आल्या. सालई ६०, होजिअरी ४० असा मिसळून पहिले ताव उचलले. नुसत्या सालईचा ताव घडी घातली की तडकतो, तंतू आखूड. सुताने अंगात जीव येतो. पेन्सिल छान धरतो, खोडरबराने वर येत नाही. जलरंगाला सरस थोडा वाढवायला हवा.

६ एप्रिल

नवा कॅन आला. विक्रेत्याने मूळ कॅनमधून साध्या झाकणाच्या कॅनमध्ये ओतून दिलेला होता. दुपारपर्यंत तो पोटाला फुगला. पेरॉक्साइडच्या कॅनला झाकणात हवा जायला भोक असतंच, ते कधी बंद करायचं नाही. आणि ही नागपूरची एप्रिलची दुपार. मोजे, चष्मा घालून सावलीत नेलं, झाकण अगदी हळूहळू सैल केलं, सुस्कारा निघेपर्यंत थांबले. कॅन परत केला, शब्दांत सांगितलं आणि लिहूनही दिलं. आता मूळ सीलबंद, भोकाच्या झाकणाचा कॅन मिळाला तरच घ्यायचा, दोन दिवस काम थांबलं तरी चालेल.

१३ एप्रिल

खिडकीतली पट्टी. ३० मार्चला दोन पट्ट्या दक्षिणेच्या काचेला लावल्या होत्या, एक नुसत्या सालईची, एक मिश्रणाची, दोन्ही अर्ध्या काळ्या कागदाने झाकलेल्या. आज काढल्या. सालईच्या पट्टीवर मधोमध रेघ आखल्यासारखी सीमा आली आहे. झाकलेली बाजू ६०, उघडी ५३. मिश्रणाच्या पट्टीवर फरक निम्म्याहून थोडाच जास्त.

हे होणारच होतं. लिग्निन आत आहे. पेरॉक्साइडने त्याचा रंग मोडला, त्याला काढलं नाही. उन्हातली अतिनील किरणं पुन्हा नवे रंगाचे गट तयार करतात. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते याचमुळे. तरी चौदा दिवस नागपूरच्या काचेतलं ऊन म्हणजे वहीच्या आयुष्यात क्वचितच येणारी गोष्ट.

मावशींनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. म्हणाल्या, "पोरायची वही दप्तरात राह्यते, खिडकीत थोडीच लटकवते कोणी?" बरोबर आहे. पण गेल्या आठवड्यात एकांनी याच कागदाच्या लग्नपत्रिका छापून मागितल्या होत्या. त्यांना आज फोन करून नाही सांगितलं. पत्रिका लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात, वीस वर्षं जपतात. त्यांच्यासाठी निव्वळ होजिअरीचा कागद देऊ. वह्यांच्या मागच्या पानावर छापायचं ठरलं: हा कागद सालईच्या लाकडाचा आहे, उन्हात ठेवल्यास पिवळा पडतो.

२० एप्रिल

तिसरी मोठी बॅच. उरलेलं ७.२. शुभ्रता पुन्हा ६०. लागोपाठ दोन बॅचना तोच आकडा आला, आता कृती बसली असं म्हणता येईल.

एकूण ताव ४६०. सरस वाढवलेले वेगळे रचले आहेत. दुपारी दीड ते साडेचार काम बंद, ताव सकाळीच दोरीवर टाकले तर दहापर्यंत खडखडीत वाळतात, उलट कडा वळू नयेत म्हणून थोडे ओलसरच उतरवावे लागतात. छिलके दोन पोती उरले. काकाजींना अजून तीन सांगून ठेवली, भुसा नको हे पुन्हा सांगितलं. उद्या सकाळी नळ आला की टाकी भरायची, चौथी बॅच परवा.